लाल तोंडाचं माकड आणि उंबर: दोघांना एका कागदावर मांडताना

सकाळची_टेकडी

गेल्या रविवारी आम्ही दोघी मैत्रिणी पौड रस्त्याने ताम्हिणीकडे गेलो होतो. मुळशीचं पाणी मागे पडल्यावर एका वळणावर ओढा आडवा येतो आणि ओढ्याला लागून एक जुना उंबर आहे. बुंध्यापासून वरच्या फांद्यांपर्यंत फळांचे घोस लगडलेले, अर्धे हिरवे, अर्धे शेंदरी. त्यावर लाल तोंडाच्या माकडांची टोळी चढली होती. लहानमोठी धरून वीसेक असतील.

एक मादी माझ्यापासून फार तर पंधरा हातांवर होती. पोटाला पिल्लू चिकटलेलं. ती हात लांबवून फळ धरायची, पण लगेच तोडायची नाही. आधी दोन बोटांनी दाबून बघायची, मग नाक जवळ न्यायची, आणि मग एकतर तोडायची नाहीतर तसंच सोडून शेजारचं धरायची. मंडईत टोमॅटो निवडताना आपण अगदी हेच करतो. तोडलेल्यातलंही निम्मं खाऊन निम्मं खाली टाकून द्यायची. बघता बघता गालातली थैली फुगली. पिल्लू मधूनच मान वर करून तिच्या तोंडाशी नाक न्यायचं आणि आईने काय खाल्लं त्याचा वास घ्यायचं.

तेवढ्यात चाळीस पावलांवर रस्त्याच्या कडेला दोन गाड्या थांबल्या. कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. तो आवाज झाला मात्र, उंबरावरची निम्मी टोळी सरसर खाली. ती मादीसुद्धा गेली. गालात उंबर तसेच भरलेले ठेवून रस्त्यावर जाऊन बसली.

घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाही. म्हणून कागद घेतला, मधोमध रेघ मारली, एका बाजूला माकड लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला उंबर. दोघंही याच सह्याद्रीतले, एकाच ओढ्याच्या काठी राहणारे. कोण कसं जगतं ते शेजारी शेजारी मांडून बघायचं होतं. जमलं तेवढं लिहिते. चुकलं तिथे हक्काने दुरुस्त करा.

नावं आधी. उंबराला लिनियसने १७५३ साली फायकस रेसिमोसा म्हटलं, रेसिमोसा म्हणजे घोसांचा. माकडाला एतिएन जोफ्रुआ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८१२ साली रेडिएटा हे नाव दिलं, कारण त्याच्या टाळूवरचे केस मधल्या भोवऱ्यातून किरणांसारखे चहूकडे फाकतात. टोपी घातल्यासारखं दिसतं ते त्यामुळेच. म्हणजे दोघांनाही नाव मिळालं ते पहिल्या नजरेत भरणाऱ्या गोष्टीवरून.

गोत म्हणाल तर उंबर हा वड, पिंपळ, अंजीर यांचा सख्खा भाऊ, आणि फणस, तुती त्याच्या चुलत घरचे. माकडाच्या गटात, म्हणजे मकाकांत, जगभरात वीसहून जास्त प्रजाती आहेत. दिल्लीकडे दिसणारं ते ऱ्हीसस. त्याची शेपटी आखूड असते, आपल्याकडच्याची लांब, जवळजवळ धडाएवढी.

माझा कागद भरला तो घराच्या बाबतीत. या माकडांत मुली जन्मलेल्या टोळीतच राहतात. आई, मावशा, आजी, बहिणी, सगळं एका ठिकाणी. नर वयात आले की टोळी सोडून दुसरीकडे जातात. त्यामुळे कुठला उंबर कुठे आहे हे बायकांच्या पिढ्यांमधून पुढे जात असणार, असं मला वाटतं. उंबर स्वतः आयुष्यभर जागचा हलत नाही, पण त्याचे पराग जातात आणि बी जाते. म्हणजे दोन्ही घरांत कुणीतरी मागे राहतं आणि कुणीतरी बाहेर पडतं.

पोरांचा हिशोब मात्र एकदम उलटा. माकडीण साधारण साडेपाच महिने पोट वाढवते आणि एक पिल्लू जन्माला घालते. उंबर वर्षातून अनेकदा फळतो, आणि एकेका फळात इतक्या बिया की मोजता येत नाहीत.

आता माझा मुख्य मुद्दा. मला वाटतं ही दोघं एकमेकांवर सारखीच अवलंबून आहेत. उंबर माकडाला पोसतो, माकड उंबराची बी नेऊन टाकतं. माकड रस्त्यावर वेफर्स खात बसलं तर उद्या उंबराचं कसं होणार? हे बरोबर आहे का, जाणकारांनी सांगावं.

भोरची_लेक

तुमची ती मादी डोळ्यांसमोर उभी राहिली. फक्त एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर पुढे घोळ होईल. आपल्याकडे माकड वेगळं आणि वानर वेगळं. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब हातापायांचं, राखाडी अंगाचं. आमच्या माहेरी वरंधा घाटाच्या बाजूला दोन्ही दिसतात आणि घरात कुणीही एकाला दुसऱ्याचं नाव देत नाही.

वानराला गालात थैली नसते. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, पाला त्यात आंबतो, म्हणून ते जून पानंसुद्धा पचवतं. माकडाला ते जमत नाही. त्याला फळं, कोवळे कोंब, किडे, धान्य असलं काहीतरी लागतं. त्यामुळे उंबराशी तुलना करायला तुम्ही माकड घेतलंत ते बरोबर केलंत. वानर उंबराची पानंही खाईल आणि फळंही. माकडाची नजर फळावर.

आणखी एक. वानर पळताना शेपटी कशी धरतं ते बघा. तापी आणि गोदावरीच्या उत्तरेला ती पुढे डोक्याकडे वळलेली असते, आपल्या बाजूला मागे कमान करून झुकलेली. आमचे आजोबा काशीयात्रेहून आल्यावर म्हणाले होते की तिकडची वानरं शेपटी उलटी धरतात. तेव्हा कुणालाच खरं वाटलं नव्हतं.

पेठेतला

लेखन आवडलं, पण मूळ कल्पनेला माझा आक्षेप आहे आणि तो मोकळेपणाने मांडतो. तुलना सजातीयांची करावी. वड आणि उंबर, किंवा माकड आणि वानर. माकडाच्या पेशीत ४२ गुणसूत्रं, उंबराच्या २६. त्यातून काय हाती लागतं? एक चालतं, एक उभं राहतं. एकाला मेंदू आहे, दुसऱ्याला नाही. इतक्या दूरच्या दोघांना शेजारी बसवलं की आपण झाडाला माणसाचे गुण चिकटवायला लागतो. 'उंबर पोसतो' हे तुमचंच वाक्य बघा. उंबर कुणाला पोसत नाही. त्याला बी पसरवायची आहे.

सकाळची_टेकडी

@पेठेतला, 'पोसतो' बद्दल मान्य. तो शब्द सैल पडला.

पण सजातीयांचीच तुलना करायची तर मला जे बघायचंय ते दिसणारच नाही. माकड आणि वानर यांत फरक शोधला तर तो शेपटीचा, पोटाचा, तोंडाच्या रंगाचा निघतो. जगण्याचे मूळ प्रश्न दोघांनी एकाच पद्धतीने सोडवलेत: भूक लागली की उठून जायचं. झाडाला उठून जायची सोय नाही. मग तेच प्रश्न ते कसे सोडवतं? हे मला माकडाशेजारी झाड ठेवल्यावरच सुचलं.

@भोरची_लेक, आजोबांची गोष्ट फार आवडली.

हरितद्रव्य

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या कागदावर दोन रकाने आहेत. तिसरा राहिला, आणि खरी गोम त्यातच आहे. बरेच दिवसांत न दिसलेल्या माणसाला आपण 'उंबराचं फूल झालास की' म्हणतो, कारण उंबराला फूल दिसतच नाही. फुलं आहेत, पण आत. आपण ज्याला फळ म्हणतो ती हजारो बारीक फुलांनी आतून भरलेली बंद पिशवी असते. तिला टोकाशी एक चिमुकलं तोंड, तेही खवल्यांनी झाकलेलं. वारा आत शिरत नाही, मधमाशी शिरत नाही. शिरतो फक्त एक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा कीटक, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला. शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी याला केव्हाच ओळखलं होतं. उंबर फोडल्यावर भुर्रकन उडतात ती केंबरं. 'उंबर फोडून केंबरं काढणं' ही म्हण त्यावरूनच आली.

मादी केंबरू त्या तोंडातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख गळून पडतात, मिशाही तुटतात. परत बाहेर पडायचा प्रश्नच नाही. छातीवरच्या खिशांत तिने दुसऱ्या उंबरावरचे पराग भरून आणलेले असतात. ते ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडी घातलेल्या फुलांत पिल्लं वाढतात, उरलेल्यांत बी धरते. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीतून बोगदा खणतात आणि मरतात. त्या बोगद्यातून माद्या पराग घेऊन उडतात.

तुम्ही लिहिलंत की माकडांत मुली घरी राहतात आणि मुलगे परगावी जातात. केंबरांत बरोबर उलट. मुलगे ज्या फळात जन्मले त्याच फळात मरतात, आणि घर सोडून जातात त्या मुली.

आता मुद्द्याचं. बाहेर पडलेली मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतलं कोवळं फळ असलेला दुसरा उंबर सापडला पाहिजे. परिसरातले सगळे उंबर आंब्यासारखे एकाच मोसमात धरले आणि एकदमच पिकले असते तर केंबरांचं कुळ त्याच वर्षी बुडालं असतं, आणि केंबरं गेली की उंबरही संपला. म्हणून उंबरांनी एकमेकांशी वेळ जुळवलेली नाही. एका झाडावरची फळं साधारण एकत्र पिकतात, पण शेजारच्या ओढ्यावरचं झाड दुसऱ्याच महिन्यात. वर्षाच्या कुठल्याही दिवशी कुठला ना कुठला उंबर कुठे ना कुठे पिकलेला असतो.

माकडाच्या ताटाचा संबंध इथे येतो. वैशाख-ज्येष्ठात करवंद, जांभूळ, आंबा असतो, ते ठीक. पण पावसाळा ऐन भरात असताना, किंवा पौषात, जंगलात दुसरं काही धड पिकत नाही, तेव्हाही उंबर मिळतो. तो मिळतो एक दिवस जगणाऱ्या केंबरामुळे. शिवाय या फळांत इतर रानफळांच्या मानाने कॅल्शियम चांगलं असतं, पोटाला पिल्लू असलेल्या आईला ते हवंच असतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, थोडं निराश करणारं. दोघं सारखीच अवलंबून नाहीत. उंबराची बी नेणारे पुष्कळ आहेत. वटवाघळं आहेत, धनेश, तांबट, बुलबुल, मैना, कोकीळ आहेत. ओढ्यात पडलेलं फळ पाणीही नेतं. बी इतकी बारीक की यातल्या बहुतेकांच्या पोटातून साबूत बाहेर पडते. माकड त्या यादीतलं एक नाव. ते उद्या रस्त्यावर जाऊन बसलं तर उंबराचं थोडं नुकसान होईल, पण तो बुडणार नाही. उंबराचं अडतं ते केंबरापाशी. माकडाचं मात्र उंबरापाशी खरोखर अडतं, विशेषतः वर्षाच्या त्या वाईट महिन्यांत.

प्रश्नचिन्ह

हरितद्रव्य काका, हे वाचून दोनदा परत वाचलं. दोन शंका. एक, मग आपण अंजीर खाताना किडे खातो का? दोन, उंबर एकटाच असेल, आजूबाजूला मैलभर दुसरा नसेल, तर केंबरू येतं कुठून?

हरितद्रव्य

बाजारातल्या बऱ्याच अंजीर-जातींना परागीभवन लागतच नाही, बी न धरता फळ वाढतं. आपल्या पुरंदरच्या बाजूचं 'पूना फिग' नावाने ओळखलं जाणारं अंजीर त्यातलंच, ते निर्धास्त खा. रानातल्या उंबरात मात्र किडे असतातच. गावाकडे उंबर फोडून, फुंकर मारून, उन्हात जरा ठेवून मग खातात ते त्यासाठीच.

दुसऱ्याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. केंबरू स्वतःच्या पंखांनी फार जात नाही. ते झाडांच्या शेंड्यांच्या वर चढतं आणि वाऱ्यावर स्वतःला सोडून देतं. नामिबियाच्या वाळवंटातल्या नदीकाठी आपल्या उंबराच्या आफ्रिकेतल्या भावाचा, सायकामोर अंजिराचा, अभ्यास झाला. तिथे पराग १६० किलोमीटरपर्यंत गेलेले आढळले. एक-दोन दिवसांच्या आयुष्यात. म्हणून एकाकी वाटणारा उंबर सहसा एकाकी नसतो.

मुळशीकर

धागा दोन दिवस वाचतोय. ज्या ओढ्याचं वर्णन आहे तो आमच्या गावापासून लांब नाही, म्हणून लिहितो.

पुण्यातून येणाऱ्यांना माकड दिसतं ते उंबरावर किंवा रस्त्यावर. आम्हाला दिसतं शेतात. भाताच्या लोंब्या ओरबाडतात, वाल, पावटा काही ठेवत नाहीत, परसातला भोपळा कोवळा असतानाच जातो. कौलं उचकटतात. माझ्या आईने गेल्या पाच वर्षांत दारात मिरची वाळत घातलेली नाही. मारायचं तर मनात येत नाही, कायदाही आहे, आणि घरात मारुतीचा फोटो आहे.

आमच्या बांधावर एक उंबर आहे. आजोबांच्या आधीपासूनचा. दत्ताचं झाड म्हणून त्याला कुऱ्हाड लागलेली नाही, आणि त्याच्या मुळाशी ओल कधी तुटत नाही. विहीर त्याच्याजवळच खणली, वैशाखातही पाणी असतं. तुमचं वाचून मी विचार केला की उंबर पिकतो तेव्हा माकडं शेत सोडतात का? खरं सांगतो, नाही. उलट उंबर पिकला की टोळी बांधावर मुक्कामच ठोकते आणि जाता-येता वालात घुसते. ज्या वेळी वर डोंगरातले उंबर पिकलेले असतात आणि आमचा नसतो, तेव्हा मात्र आठ-आठ दिवस फिरकत नाहीत.

वरच्या बाजूला प्लॉट पडले तिथे ओढ्याकाठचे पाच-सहा उंबर गेले. तेव्हापासून ते आठ दिवस कमी झाले. हे मी मोजून नाही सांगत, पण आई म्हणते आणि ती रोज शेतात असते.

भोरची_लेक

@मुळशीकर दादा, तुमच्या आईचं निरीक्षण हरितद्रव्य काकांच्या सगळ्या सांगण्याला धरून आहे. उंबर एक असून भागत नाही, वेगवेगळ्या महिन्यांत पिकणारे अनेक लागतात. पाच-सहा गेले म्हणजे माकडाच्या वर्षातले पाच-सहा पंधरवडे गेले. त्या पंधरवड्यांत ते तुमच्या वालात येणारच.

आणि दुसरीकडे घाटात गाड्या थांबवून खाऊ घालणारे. माझे काका दर शनिवारी वरंध्याला केळी घेऊन जायचे. श्रद्धेने जायचे, त्यात खोट नव्हती. एकदा एक पिल्लू केळ्यासाठी रस्ता ओलांडताना त्यांच्यादेखत गाडीखाली आलं. आई त्याला उचलून कठड्यावर घेऊन बसली आणि अंधार पडेपर्यंत त्याचे केस विंचरत राहिली. काका शनिवारी आता मारुतीला तेल घालतात, घाटात जात नाहीत. मी कुणालाही उपदेश म्हणून हे सांगत नाही, पण हे बघितल्यावर माझ्याने पाकीट फोडवत नाही.

पेठेतला

मी आक्षेप घेतला होता आणि तो निम्मा मागे घेतो. हरितद्रव्य यांच्या तिसऱ्या रकान्यामुळे तुलनेला अर्थ आला. माकड आणि उंबर यांच्यात थेट साम्य शोधलं तर काही नाही. दोघांच्या मधे केंबरू ठेवलं की दोघांचं वेळापत्रक दिसायला लागतं. एकाने वेळ विखरून ठेवलीय, दुसऱ्याला ती विखुरलेली वेळ लक्षात ठेवावी लागते.

माझ्या व्यवसायामुळे मला आणखी एक फरक दिसतो. आपल्या शहरात झाडाला लागतो तो महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात झाड एकेकटं मोजलं जातं: हे झाड, या जागेवरचं. २०२१ च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, म्हणजे वयही मोजलं जातं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ माकडाकडे बघतो ते जातीने. हे माकड किती वर्षांचं, कुठल्या टोळीतलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मुळशीकरांचं वाचल्यावर वाटतं, हे उलट असायला हवं होतं निदान थोडं. उंबर एकेकटा मोजून उपयोग नाही, ओढ्याकाठचे सगळे मिळून एक मोजायला हवेत. आणि माकडाच्या बाबतीत टोळी बघायला हवी, कारण कुठला उंबर कधी पिकतो ते त्या टोळीतल्या म्हाताऱ्या मादीला माहीत असतं, जातीला नाही.

प्रश्नचिन्ह

माकडांना फळ पिकलंय हे रंगावरून कळतं की वासावरून? धाग्यातली मादी तर दाबून बघत होती.

हरितद्रव्य

तिन्ही. या माकडांच्या डोळ्याला आपल्यासारखेच तीन मूळ रंग दिसतात, तांबडा आणि हिरवा वेगळा कळतो. गाईला, कुत्र्याला तो तसा कळत नाही. त्यामुळे शेंदरी घोस लांबून दिसतो. पण एकाच घोसात एक फळ मऊ तर दुसरं टणक असू शकतं, तिथे बोटं आणि नाक लागतं. तुम्ही बाजारात पेरू घेताना डोळे मिटून बघा, म्हणजे कळेल.

पेठेतला

अवांतर आहे, पण विचारतो. आमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीत, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, चुन्याच्या फटीतून एक रोप आलंय. वीतभर आहे, पाच पानं. पिंपळ समजत होतो. हा धागा वाचल्यावर पान नीट बघितलं. पिंपळासारखं शेपूट नाही, देठ तोडला तर पांढरा चीक. उंबरच आहे. पेठेत माकड नाही, म्हणजे हे वटवाघळाने किंवा मैनेने आणलेलं. वाडा दिवाळीनंतर पाडायचाय, करार झाले. हे रोप काढता येईल का?

हरितद्रव्य

आत्ता काढा, अजून वाढू देऊ नका. मुळं भिंतीत शिरली की तुटतात. भिंतीवर दोन-तीन दिवस संध्याकाळी पाणी मारा, चुना भिजला की बारीक छिन्नीने आजूबाजूची फट मोकळी करा आणि रोप ओढू नका, मुळाखाली बोट घालून सोडवा. निम्मी पानं खुडून टाका. माती, थोडी वाळू, कुजलेला पालापाचोळा, आणि सावलीत महिनाभर. ही जात चिवट आहे.

सकाळची_टेकडी

माझ्या कागदावर आता तीन रकाने आहेत आणि मधला सगळ्यात लहान अक्षरात, कारण जागा उरली नव्हती.

आज सकाळी पुन्हा जाऊन आले, त्याच उंबराशी. आठच दिवसांत झाड रिकामं झालंय. खोडावर नुसते देठांचे खुंट. टोळी नव्हती. खाली कातळावर विष्ठा वाळली होती, तिच्यात राईपेक्षा बारीक पिवळसर बिया. मी हात लावला नाही, काडीने उलगडून बघितली. त्यातच वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा होता, नखाएवढा. हे दोन्ही तिच्याच पोटातून आलं असेल की दुसऱ्या कुणाच्या, ते कळायला मार्ग नाही.

परतताना ओढ्याने वर चढून गेले. अर्ध्या तासावर दुसरा उंबर लागला. त्याची फळं अजून वाटाण्याएवढी, हिरवीगार. एका फळाच्या तोंडाशी काचेसारखा बारीक पंख अडकला होता. आधी धूळ वाटली. चष्मा काढून डोळ्याशी नेलं तेव्हा कळलं.

मुळशीकर

तो वरचा उंबर पौषात पिकतो. आई म्हणाली, तेव्हा टोळी तिकडेच असते.

@पेठेतला साहेब, रोप निघालं तर टाकू नका. जिथून पाच-सहा गेले त्या ओढ्याची खालची बाजू आमच्या सातबाऱ्यावर आहे. पहिले दोन पाऊस पडून गेले की घेऊन या, खड्डा मी करून ठेवतो. कुंपण लागेल, नाहीतर शेळ्या ठेवणार नाहीत.

पेठेतला

काल निघालं. एक मूळ तुटलं, दोन शाबूत आहेत. जुन्या तुपाच्या डब्यात लावलंय, खिडकीत ठेवलंय. जूनमध्ये येतो.